देशाची पूर्वसूचना यंत्रणा उभारायची तर सुरुवात कुठून करायची?

विचारलंय असं की पूर, चक्रीवादळ, दरड, भूकंप, त्सुनामी या सगळ्यांसाठी देशाची पूर्वसूचना यंत्रणा नव्याने उभारायची झाली तर सुरुवात कुठून करायची, कुठली टेक्नॉलॉजी घ्यायची, खर्च किती येतो, आणि आता मोबाईलवर एवढ्या जोरात वाजणारा सरकारी अलर्ट आहे तरी इर्शाळवाडीसारखं, म्हणजे रात्रीत आख्खी वाडी दरडीखाली जाण्यासारखं, का होतं. माझं काम पावसाचं आणि पुराचं आहे, म्हणजे मोजायचं, अंदाज बांधायचा आणि तो जिल्ह्याच्या कंट्रोल रूममधून वाडीपर्यंत पोचतो का ते बघायचं, बरीचशी वर्षं कोकणात आणि घाटमाथ्यावर गेली, मधला काही काळ ओडिशात. उत्तर लांबणार आहे, वेळ काढून वाचा.

आधी सरळ उत्तर देते. सुरुवात शेवटच्या टोकाकडून करायची. रात्री दोन वाजता ज्याला घर सोडून बाहेर पडायचंय तो माणूस कोण, त्याला उठवणार कोण, तो कुणाचं ऐकेल, कुठे जाईल, जायला किती वेळ लागेल, हे आधी लिहून काढायचं आणि मग तिथून मागे मागे येत रडार, सेन्सर, सॅटेलाइटपर्यंत पोचायचं. आपल्याकडे बहुतेक प्रोजेक्ट नेमके उलटे चालतात, आधी उपकरणाचं टेंडर निघतं, मग सर्व्हर रूम, मग डॅशबोर्ड, मग उद्घाटन, आणि गावापर्यंतचा शेवटचा टप्पा बजेटच्या तळाशी 'जनजागृती' नावाच्या एका ओळीत जाऊन बसतो. माझ्या हातात असतं तर सायरनचं टेंडर मी सगळ्यात शेवटी काढलं असतं.

आता वेळेचा हिशोब, कारण सगळं डिझाइन त्यावर ठरतं. चक्रीवादळ चार-पाच दिवस आधी दिसायला लागतं. मोठ्या नदीचा पूर एक-दोन दिवस देतो, पण घाटातून धाडकन उतरणारी सावित्री किंवा वाशिष्ठी काही तासच देते. त्सुनामीचं तुम्ही कुठे राहता त्यावर, 26 डिसेंबर 2004 ला सुमात्राजवळ भूकंप झाला तो आपल्या घड्याळाने सकाळी साडेसहाच्या सुमारास आणि तमिळनाडूच्या किनाऱ्याला लाट लागली नऊच्या आसपास, म्हणजे दोन तासांहून जास्त वेळ हातात होता आणि तरीही हजारो माणसं गेली कारण सांगणारंच कुणी नव्हतं, अंदमान-निकोबारला मात्र तेवढाही वेळ नव्हता. वीज पडायच्या आधी अर्धा-पाऊण तास मिळाला तरी खूप. आणि भूकंप सेकंद देतो, तेही केंद्र लांब असेल तरच. मेक्सिको सिटीला 1991 पासून भूकंपाचा अलर्ट मिळतो आणि पॅसिफिक किनाऱ्यावर धक्का बसला तर साधारण मिनिटभर आधी कळतं, कारण मधे शेकडो किलोमीटर अंतर आहे.

किल्लारीला हे लावून बघा. 30 सप्टेंबर 1993, पहाटे चारच्या सुमारास, केंद्र जवळजवळ गावांच्या खालीच. जगातली सगळ्यात महाग अलर्ट सिस्टीम असती तरी तिथे काही उपयोग नव्हता, माणसं गेली ती दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाच्या वजनाखाली. म्हणून मराठवाड्यात भूकंपाच्या अलर्टवर पैसा घालायचा का असं मला कुणी विचारलं तर मी नाही म्हणते, तो पैसा घरांच्या मजबुतीकरणात जाऊ दे. हिमालयात वेगळं गणित आहे, तिथे मोठा भूकंप वरच्या पट्ट्यात झाला तर दिल्ली-डेहराडूनसारख्या लांबच्या शहरांना काही सेकंद नक्की मिळू शकतात, उत्तराखंडने आयआयटी रुरकीबरोबर 2021 मध्ये त्यासाठी ॲप काढलंही. सांगायचा मुद्दा हा की यंत्रणा देशाची असली तरी प्रत्येक संकटाला आणि प्रत्येक पट्ट्याला तिची साखळी वेगळी लागते, कॉमन असतं ते फक्त संदेश पोचवायचं जाळं आणि ऑर्डर कोण देणार याचे नियम.

ओडिशाचं उदाहरण सगळे देतात, पण त्यातलं नेमकं काय बदललं हे फार कमी लोक सांगतात. ऑक्टोबर 1999 च्या सुपर सायक्लोनमध्ये तिथे दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. 2013 ला फायलिन आलं, तेही प्रचंड मोठं वादळ, आणि मृतांचा आकडा पन्नासच्या आत राहिला. अंदाज सुधारला हे खरंच, रडार आली, मॉडेल सुधारली, हवामान खात्याचं त्या काळातलं काम मनापासून दाद द्यावी असं आहे. पण 1999 ला सुद्धा 'वादळ येतंय' हे आधी माहीत होतं! मग फरक कशाने पडला, तर त्या चौदा वर्षांत त्यांनी किनाऱ्यावर खांबांवर उभे असलेले पक्के निवारे बांधले, निवाऱ्यापर्यंत जाणारे रस्ते केले, प्रत्येक निवाऱ्याला गावातल्याच माणसांची समिती दिली, किल्ली कुणाकडे, जनरेटर कोण चालवणार, गरोदर बायका आणि अंथरुणाला खिळलेली माणसं कोणत्या घरात हे सगळं नावानिशी लिहून ठेवलं, आणि दर वर्षी ड्रिल घेतलं. म्हणून फायलिनच्या वेळी दहा लाखांच्या आसपास माणसं हलवता आली. किनाऱ्यावर एका बटणाने वाजणारे 122 सायरन टॉवर आले ते याच्या नंतर, 2018 मध्ये. आधी माणसं आणि निवारे, मग सायरन, हा क्रम लक्षात घ्या.

बांगलादेशचं तर याहून आधीचं. 1970 च्या भोला चक्रीवादळात तिथे तीन ते पाच लाख माणसं गेली, त्यानंतर रेड क्रिसेंटने आणि सरकारने मिळून स्वयंसेवकांचं जाळं उभारलं, आज ते 75 हजारांच्या आसपास आहेत आणि त्यात निम्म्या बायका आहेत. हे निम्म्या बायका प्रकरण शोभेचं नाही. 1991 च्या वादळात गेलेल्यांत बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त होतं, कारण नवरा घरी नसताना घर सोडायचं कसं, अनोळखी पुरुषांनी भरलेल्या निवाऱ्यात पोरीबाळी घेऊन झोपायचं कसं, हे प्रश्न कुणी सोडवलेच नव्हते. दारावर येऊन सांगणारी बाई असली, निवाऱ्यात वेगळी खोली आणि संडास असला की बाई लवकर निघते. स्वयंसेवकांकडे काय असतं, तर मेगाफोन, हाताने फिरवायचा सायरन आणि झेंडे, एक झेंडा म्हणजे सावध, दोन झेंडे म्हणजे तयारी, तीन म्हणजे निघा. यात न समजण्यासारखं काहीच नाही.

आता सगळ्यात दुखरी जागा, म्हणजे अंदाज आल्यापासून ऑर्डर निघेपर्यंतचा वेळ. 29 ऑक्टोबर 2024 ला स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाला पूर आला, तिथल्या हवामान खात्याने सकाळी साडेसातच्या सुमारास रेड वॉर्निंग दिली होती आणि लोकांच्या मोबाईलवर अलर्ट वाजला रात्री 8 वाजून 11 मिनिटांनी. तोपर्यंत कित्येक गावांत पाणी गळ्यापर्यंत आलं होतं, दोनशेहून जास्त माणसं गेली. श्रीमंत देश, चांगली रडार, सेल ब्रॉडकास्ट (मोबाईल टॉवरवरून सगळ्या फोनवर एकदम जाणारा अलर्ट) सगळं होतं. बारा तास ऑफिसात गेले. म्हणून कुठल्याही देशाचा आराखडा माझ्यासमोर आला की मी रडारचं पान नंतर उघडते, आधी विचारते की रात्री अडीच वाजता, रविवारी, साहेब फोन उचलत नसताना, ऑर्डर कोण देणार आणि कशाच्या जोरावर?

आपल्याकडे 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना भरपूर अधिकार दिलेत, अडचण अधिकारांची नाही. अडचण अशी की आकडा आला तरी त्या आकड्याला काय करायचं हे आधी ठरलेलं नसतं, मग प्रत्येक जण वरच्याला विचारतो, वरचा म्हणतो अजून थोडं बघू, आणि प्रत्येकाच्या मनात एकच भीती असते, मी गाव हलवलं आणि काहीच झालं नाही तर? यावर उपाय म्हणजे आकडा आणि कृती मे महिन्यातच बांधून टाकायची. अमुक वाडीच्या वरच्या पावसाच्या मापकावर इतक्या तासांत इतके मिलिमीटर झाले आणि आधीच्या तीन दिवसांची बेरीज इतकी असली की मंडळ अधिकारी किंवा तलाठी कुणालाही न विचारता वाडी खाली शाळेत हलवेल, आणि काही झालं नाही तरी त्याला कुणी जाब विचारणार नाही, हे जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीने लेखी पाहिजे. हे शेवटचं वाक्य लेखी असलं की खालचा माणूस हलतो, मी बघितलंय.

आता दरडीकडे येते, कारण प्रश्नात इर्शाळवाडी आहे आणि महाराष्ट्रात माझ्या मते सगळ्यात मागे आपण इथेच आहोत. माळीण, 30 जुलै 2014, दीडशेच्या वर माणसं गेली आणि गाव जागेवर नाही हे पहिल्यांदा लक्षात आलं एसटीच्या ड्रायव्हरच्या. तळिये, 22 जुलै 2021, त्याच दिवशी पलीकडे महाबळेश्वरला 24 तासांत 594 मिलिमीटर पाऊस झाला होता आणि खाली महाड शहर स्वतःच पाण्यात होतं, त्यामुळे मदत पोचायला दुसरा दिवस उजाडला. इर्शाळवाडी, 19 जुलै 2023, रात्रीची वेळ, वर जायला रस्ताच नाही. आणि इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. यादी करावीच, भूवैज्ञानिकांचं काम मोलाचं आहे, पण 'यादीत नाही म्हणजे धोका नाही' असा जो अर्थ खाली जातो तो जीवघेणा आहे. सह्याद्रीच्या उतारावर असलेली, वर माती आणि खाली कातळ असलेली कुठलीही वाडी अतिवृष्टीत धोक्यात असते, यादी फक्त जास्त धोका कुठे ते सांगते.

पावसाचं मोजमाप बघा. महाराष्ट्रात महसूल मंडळांमध्ये दोन हजारांहून जास्त स्वयंचलित हवामान केंद्रं आहेत, महावेध नावाच्या प्रकल्पाची, पण ती मुळात शेती आणि पीकविम्यासाठी बसवलेली, मंडळाच्या गावात, बहुतेक सपाटीवर. वाडी असते चारशे मीटर वर. घाटात चार-पाच किलोमीटरवर पाऊस दुप्पट होतो. 26 जुलै 2005 आठवा, सांताक्रुझला 944 मिलिमीटर आणि त्याच मुंबईत कुलाब्याला 75 सुद्धा नाही. मग मंडळाच्या आकड्यावर वाडीचा निर्णय कसा घेणार? दुसरं म्हणजे आपली महसुली सवय अशी की सकाळी साडेआठला गेल्या 24 तासांचा पाऊस मोजायचा आणि 65 मिलिमीटरच्या वर असेल तर अतिवृष्टी लिहायची. तो आकडा नुकसानभरपाईसाठी ठीक आहे, दरडीसाठी त्याचा काही उपयोग नाही, दरडीला तासाचा पाऊस लागतो आणि मागच्या तीन-चार दिवसांची बेरीज लागते, कारण डोंगर आधीच पाण्याने फुगलेला असतो आणि मग एका जोरदार सरीत सुटतो.

केरळात वायनाडमध्ये कल्पेट्टाच्या ह्यूम सेंटर या संस्थेने हेच केलंय, जिल्हाभर शेतकऱ्यांच्या, मळ्यांच्या आवारात साधे पर्जन्यमापक बसवले, लोक रोज आकडे कळवतात, आणि 30 जुलै 2024 च्या दरडीआधी त्यांनी वाढत्या पावसाबद्दल प्रशासनाला कळवलंही होतं. म्हणजे स्वस्तातलं स्थानिक मोजमाप काम करतं हे सिद्ध आहे. तुटलं ते पुढे, त्या आकड्यावर कुणी काय करायचं हे आधी ठरलेलं नव्हतं. त्या रात्री अडीचशेहून जास्त माणसं गेली.

आणि डोंगर स्वतः सांगतो. जमिनीला पडलेल्या भेगा, दर वर्षी स्वच्छ येणाऱ्या झऱ्याचं पाणी अचानक गढूळ होणं किंवा बंद होणं, नव्याच ठिकाणी पाणी फुटणं, झाडं-खांब कलणं, दार चौकटीत अडकायला लागणं. ही लक्षणं वाडीतल्या माणसांना सेन्सरच्या आधी दिसतात. फक्त ती दिसली की सांगायचं कुणाला हे माहीत पाहिजे आणि ज्याला सांगितलं त्याने त्याच दिवशी येऊन बघितलं पाहिजे. अर्ज देऊन आठ महिने वाट बघायला लावली की पुढच्या वेळी कुणी सांगत नाही.

अशाच एका वाडीत स्थलांतराची बैठक होती, साहेबांनी नकाशा दाखवला, शाळा दाखवली, जेवणाची सोय सांगितली. एक आजी उठल्या आणि म्हणाल्या, "शाळंत नेताय ते बरं हाय, पर शेळ्या कुठं बांधू?" कुणाकडे उत्तर नव्हतं. मग शाळेमागे पत्र्याची शेड टाकायचं ठरलं, वैरण ग्रामपंचायतीने द्यायची, आणि पुढच्या पावसात वाडी पहिल्याच निरोपाला खाली आली. माझं ठाम मत आहे की त्या भागात त्या शेडने जेवढं काम केलं तेवढं कुठल्याही उपकरणाने केलं नसतं. 2019 च्या महापुरात कोल्हापूर-सांगलीकडेही हेच दिसलं, माणसं घर सोडायला तयार होती पण दावणीला म्हैस आहे तर घरातला एक जण मागे राहायचाच, आणि मग त्याला काढायला बोट. नंतर चिखली-आंबेवाडीसारख्या गावांनी पाणी वाढायला लागलं की जनावरांसकट आधीच बाहेर पडायला सुरुवात केली, हा खरा बदल.

कोल्हापूरचा विषय निघालाच आहे तर संदेशाच्या भाषेबद्दल बोलते. पावसाळ्यात कोल्हापुरात कुणालाही विचारा पंचगंगा किती फुटावर, पोरगंसुद्धा सांगेल. राजाराम बंधाऱ्याला 39 फूट म्हणजे इशारा, 43 फूट म्हणजे धोका, राधानगरीचे सातपैकी किती स्वयंचलित दरवाजे उघडले, हे सगळ्यांना तोंडपाठ. प्रत्येक गल्लीला माहीत असतं की इतक्या फुटांना पाणी आपल्या कोपऱ्यावर येतं. याला म्हणायचं कामाचा इशारा! त्याच्या शेजारी 'तुरळक ठिकाणी मुसळधार ते अति मुसळधार पावसाची शक्यता, नागरिकांनी सतर्क राहावे' हा मेसेज ठेवून बघा. यात माझ्या घराचं काय ते कुठे आहे? ऑरेंज अलर्ट म्हणजे 'तयारीत राहा' आणि रेड म्हणजे 'कृती करा', पण कृती म्हणजे काय ते तालुक्याने आपल्या भाषेत लिहायला पाहिजे, अमुक आळी, अमुक पूल, इतक्या वाजेपर्यंत, अमुक शाळेत. जगभर आता अंदाज देण्याची पद्धत याच दिशेने चाललीय, वारा किती किलोमीटरचा यापेक्षा त्या वाऱ्याने पत्रे उडतील, लाईट जाईल, झाडं पडतील हे सांगायचं.

आता मोबाईल अलर्ट. एनडीएमएची, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची, 'सचेत' प्रणाली सी-डॉट या सरकारी टेलिकॉम संस्थेने बनवलीय आणि ती खरंच चांगली आहे. हवामान खातं, केंद्रीय जल आयोग, हैदराबादचं इन्कॉइस (समुद्राचे आणि त्सुनामीचे इशारे देणारी सरकारी संस्था), सगळ्यांचे इशारे एका ठरलेल्या डिजिटल नमुन्यात येतात, राज्य ते तपासून त्या त्या भागापुरते सोडतं. सेल ब्रॉडकास्टचे प्रयोग 2023 मध्ये झाले तेव्हा तुमचाही फोन थरथरून वाजला असेल. एसएमएस एकेका नंबरला जातो, लाखो असले की तासनतास तुंबतो, सेल ब्रॉडकास्ट मात्र टॉवरच्या टप्प्यातल्या सगळ्या फोनवर एकदम जातो, नंबर लागत नाही, नेटवर्क जाम असलं तरी चालतं. देशाच्या यंत्रणेत हा कणा पाहिजेच. पण टॉवरला वीज लागते, वादळात आणि महापुरात ती आधी जाते, बॅटरी काही तास टिकते, आणि सह्याद्रीत, गडचिरोलीत कितीतरी ठिकाणी मुळात रेंज नाही. शेतात काम करणाऱ्या बाईचा फोन घरी नवऱ्याकडे असतो. वीज पडून देशात दर वर्षी अडीच हजारांच्या वर माणसं जातात, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं विजेचा इशारा देणारं 'दामिनी' ॲप चांगलं आहे, पण ज्याला गरज आहे तो माणूस बांधावर आहे आणि फोन झाडाला टांगलेल्या पिशवीत.

म्हणून एकाच गोष्टीसाठी तीन-चार वाटा ठेवायच्या, मोबाईल, वायरलेस, गावातला लाऊडस्पीकर, आणि शेवटी दार ठोठावणारा माणूस. यात लाऊडस्पीकरबद्दल एक खरी घटना सांगते. 2004 च्या त्सुनामीत पुदुच्चेरीजवळच्या नल्लावडू गावात सिंगापूरहून एकाचा फोन आला की समुद्राचं काही खरं नाही, सगळ्यांना लांब न्या. गावात माहिती केंद्र होतं, तिथल्या भोंग्यावरून रोज मच्छीमारांना लाटांची उंची वगैरे सांगायचे. लोकांनी कुलूप तोडलं, भोंग्यावरून ओरडले, गाव रिकामं झालं आणि वाचलं. तो भोंगा रोज वापरात होता म्हणून त्या दिवशी चालू होता आणि लोकांना त्या आवाजाची खात्री होती. फक्त संकटासाठी बसवलेलं यंत्र संकटाच्या दिवशी बंद असायची शक्यता फार मोठी असते. गावच्या सायरनवर रोज दुपारी बाराचा भोंगा द्या, लाऊडस्पीकरवर बाजारभाव सांगा, पण तो रोज वाजला पाहिजे.

यावरून मेन्टेनन्स. 28 सप्टेंबर 2018 ला इंडोनेशियात पालूला त्सुनामी आली, हजारो माणसं गेली, आणि त्या देशाने 2004 नंतर समुद्रात सोडलेले त्सुनामी बोये (लाट ओळखणारी तरंगती उपकरणं) 2012 पासून बंदच होते. कुणी तोडले, कुणी बोट बांधली, दुरुस्तीला पैसे नव्हते. (पालूला लाट मिनिटांत आली, बोये चालू असते तरी किती उपयोग झाला असता हा वेगळा प्रश्न, पण सहा वर्षं बंद राहणं हे कुठल्याच हिशोबात बसत नाही.) आपल्याकडे इन्कॉइसचं त्सुनामी केंद्र 2007 पासून चोवीस तास चालू आहे आणि ते हिंद महासागरातल्या बाकीच्या देशांनाही इशारे देतं, कारण तिथे पगारी माणसं शिफ्टमध्ये बसतात आणि देखभालीला दर वर्षी ठरलेला पैसा येतो. जिल्ह्यात मात्र पर्जन्यमापक बसतो तेव्हा फोटो निघतो आणि दुसऱ्या पावसाळ्यात त्यात घरटं असतं, सोलर पॅनलवर शेवाळ, सिमचं रिचार्ज संपलेलं. कुणाकडे सोपवलाय हेच ठरलेलं नसतं. उपकरणाच्या किमतीइतकीच रक्कम पुढच्या काही वर्षांच्या देखभालीला बाजूला काढल्याशिवाय मी तरी कुठलीही खरेदी मंजूर करू नका असंच सांगेन.

खोट्या इशाऱ्यांबद्दल सगळे अधिकारी घाबरतात. वाडीतले लोक म्हणतात तीनदा नेलं, तीनदा काही झालं नाही. हे टाळता येत नाही, दरडीच्या बाबतीत तर अजिबात नाही, पण त्यावर बोलता येतं. 11 एप्रिल 2012 ला सुमात्राजवळ 8.6 चा भूकंप झाला, इशारे निघाले, मोठी लाट आली नाही आणि इन्कॉइसने संध्याकाळी ते इशारे मागे घेतले, कारणही सांगितलं. मागे घ्यायचा संदेश हा इशाऱ्याइतकाच तयार पाहिजे. 2018 मध्ये हवाईत चुकून क्षेपणास्त्राचा अलर्ट गेला आणि दुरुस्तीचा मेसेज यायला 38 मिनिटं लागली, कारण तसा मेसेज आधी तयारच नव्हता. आणि घरी परत पाठवताना तलाठ्याने दहा मिनिटं उभं राहून सांगावं की पाऊस इतका झाला होता, म्हणून नेलं, पुन्हा एवढा झाला तर पुन्हा नेऊ. लोकांना कारण कळलं की ते परत येतात. रोजगार बुडाल्याची थोडी भरपाई दिली तर नक्कीच येतात, तो खर्चही यंत्रणेचाच भाग धरा.

आणखी एक म्हणजे सीमा. कृष्णेचं पाणी राज्य बघत नाही, 2019 ला सांगली बुडाली तेव्हा कोयनेतून किती सोडलं, कर्नाटकातल्या अलमट्टीतून किती सुटतंय यावर दोन्हीकडून वाद झाले. नंतर दोन राज्यांच्या जलसंपदा खात्यांचं बोलणं वाढलं ही चांगली गोष्ट, पण धरणांचे आकडे दर तासाला दोन्हीकडच्या कंट्रोल रूममध्ये आपोआप दिसणं हे माणसांच्या संबंधांवर अवलंबून राहता कामा नये. देशाच्या यंत्रणेचं खरं काम इथे आहे, राज्यांमधला आणि खात्यांमधला डेटा मोकळा करणं. गाव हलवायचं काम दिल्लीतून होत नाही.

खर्चाचं विचारलंय. संयुक्त राष्ट्रांनी 2022 मध्ये जाहीर केलं की 2027 पर्यंत जगातल्या प्रत्येक माणसाला पूर्वसूचनेचं संरक्षण द्यायचं, त्यासाठी पाच वर्षांचा अंदाज 3.1 अब्ज डॉलरचा होता, अख्ख्या जगासाठी. आणि 24 तास आधी कळलं तर नुकसान 30 टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतं असा 2019 चा एक आंतरराष्ट्रीय अंदाज आहे. म्हणजे पैसा हा अडथळा नाहीये. रडार महाग असतं, ते केंद्राने घ्यावं आणि घेतंयही, 'मिशन मौसम'मध्ये 2024 ला 2 हजार कोटी मंजूर झाले. त्या रडारच्या खाली जे लागतं, वाडीवरचा पर्जन्यमापक, पोलीस पाटलाकडचा मेगाफोन, शाळेचा पक्का संडास, जनावरांची शेड, दर वर्षीचं ड्रिल, हे जिल्हा नियोजनाच्या पैशात सहज बसतं.

आणि कुणी म्हणालं की एवढं सगळं एकदम नाही होणार, या वर्षी एकच काम सांगा, तर मी हे सांगेन: मे संपायच्या आत प्रत्येक तालुक्याने आपल्या यादीतले सगळे फोन नंबर एकदा रात्री लावून बघावेत, पोलीस पाटील, सरपंच, आशाताई, बोटवाला, शाळेची किल्ली असलेला शिपाई. जे लागणार नाहीत ते बदलावेत, आणि जिथे एकही फोन लागत नाही त्या वाड्यांची वेगळी यादी करून तिथे वायरलेस सेट द्यावा, आणि तो चालवणारी दोन माणसं वाडीतलीच असावीत, त्यातली एक तरी बाई.